जुना फिल्टर परत द्या

आधी वार सांगतो, मग माणसे. शुक्रवारी सकाळी सर्व्हिस सेंटरचा चालक पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीतून सेतुमाधवरावांची पांढरी गाडी घेऊन गेला. शनिवारी संध्याकाळी ती धुऊन-पुसून, आत लिंबाचा वास फवारून परत आली. तिच्यातून काढलेला जुना ऑईल फिल्टर मात्र परत आला नाही. सोमवारी मी सेतुमाधवरावांच्या वतीने लेखी पत्र देऊन तो मागितला. बुधवारी, पितृपंधरवड्यात, ते पत्नीसह तंजावरला निघाले आणि तिंडिवनमच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला, स्वतःच्या गाडीच्या सावलीत बसल्या जागी गेले. पुढच्या आठवड्यात त्याच सर्व्हिस सेंटरने तपासणी अहवाल दिला. त्यात असे लिहिले आहे की, गाडीच्या मालकाने सर्व्हिसनंतर स्वतःच्या हाताने बाहेरचा, हलक्या ब्रँडचा फिल्टर बसवला असावा.

आता माणसे. जुना भाग परत देण्याची पद्धत नाही असे दूरध्वनीवर सांगणारा सेवा-सल्लागार. त्या शुक्रवारी भांडारातून नवा फिल्टर देणारा, ज्याचे नाव मला अद्याप सांगण्यात आलेले नाही. आणि गाडी ओढून आणल्यानंतर तिच्यावरचा फिल्टर काढून फेकू देणारा, व तो फेकल्यानंतर त्याच्याविषयी अहवाल लिहिणारा तपासणी अधिकारी. संपादकांच्या विनंतीवरून मी नावे गाळली आहेत. ज्यांची ती आहेत, ते स्वतःला ओळखतील.

बातमी आली तेव्हा मी टपाल कचेरीत रांगेत उभा होतो. सेतुमाधवरावांच्या पत्नी सुंदरावहिनींचा फोन. त्यांच्या आवाजामागे ट्रक जात होते, आणि त्या इतकेच म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहींत." मी विचारले, कुठे आहात, कोण आहे जवळ. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मग कोणीतरी तमिळमध्ये बोलणाऱ्या माणसाने फोन हातात घेऊन मला ठिकाण सांगितले, रुग्णवाहिका आली आहे असे सांगितले, आणि आवाज खाली आणून बाकीचेही सांगितले. रांगेत माझी पाळी आली होती. खिडकीतल्या बाईंनी दोनदा हात पुढे केला. मला पत्र द्यायचे होते, हे मी विसरलो होतो...

सेतुरावांची माझी ओळख तिरुवल्लिकेणीत झाली. रेल्वेच्या दावे विभागात नेमणूक होऊन मी मद्रासला नवा आलो होतो, एकट्या पुरुषांच्या एका मॅन्शनमध्ये खोली घेऊन राहत होतो, आणि एका दुकानदाराशी छत्रीच्या पावतीवरून भांडत होतो. माझी तमिळ तेव्हा तीन वाक्यांत संपे. तीनही संपल्यावर मी मराठीत पुटपुटू लागलो. मागून आवाज आला, "ओ, पावती मिळंल. अगोदर श्वास घ्या." वळून पाहिले तर कपाळावर गंध, हातात भाजीची पिशवी, आणि चेहरा असा की हा माणूस मराठी बोलेल असे कोणीही म्हणू नये. त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. त्यांची मराठी माझ्या पणजोबांच्या काळातली होती आणि तिचा हेल मात्र संपूर्ण कावेरीकाठचा. त्यांनी दुकानदाराला दोन वाक्ये सांगितली, पावती आली, आणि ते मला घरी घेऊन गेले. "काफी पियाचं, मग कोर्टाला जायाचं," ते म्हणाले. मी वकील नव्हतो, कधीच झालो नाही. तरी त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी वकीलसाहेब होतो.

ते ओरगडमच्या एका वाहन कारखान्यात इंजिन चाचणी विभागात होते आणि तिथूनच निवृत्त झाले. माणसे निवृत्तीनंतर देवळात जातात, नातवंडे सांभाळतात. सेतुराव फिल्टर कापत. हे शब्दशः घ्यावे. गाडीचे तेल बदलले की काढलेला जुना फिल्टर हातात घेतल्याशिवाय ते कोणत्याही गॅरेजमधून बाहेर पडत नसत. मेकॅनिक हसत, नाक मुरडत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देत. घरी आल्यावर तो पालथा घालून तेल निथळू द्यायचे, मग पत्र्याचे कवच कापून आतला चुण्यांचा कागद सोडवायचा. कापण्यासाठी त्यांनी एक गोल कातर स्वतः बनवून घेतली होती. मी एकदा विचारले, लोखंडाची करवत घरात असताना हा खटाटोप कशाला? ते म्हणाले, "करवतीनं कापलं तर करवतीचाच चुरा कागदांत पडतो. मग इंजिन झिजलं म्हणून आमी त्याच्यावर आळ घेतों. त्या बिचाऱ्यानं कांही केलेलं नसतंय." मी आयुष्यभर दाव्यांच्या फायली वाचल्या. पुराव्याची शुचिता म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

सोडवलेला कागद ते गच्चीवर तारेला चिमटे लावून वाळत घालत. पेरुंगुडीला आम्ही दोघांनी एकाच इमारतीत घरे घेतली, तेव्हापासून हे दृश्य मी पाहत आलो. खाली चटईवर वहिनींचे वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत असत, पांढरेशुभ्र. आणि वर तारेवर काळ्या चुण्यांची ती लांबलचक पट्टी. वहिनी म्हणत, "एक थेंब माझ्या वडामावर पडूं दे, मग तुमासच कापतें." सेतुराव मान न वळवता म्हणत, "कापा. आंत मेटल निघतंय का बघा." कागद वाळला की ते तो उन्हात तिरपा धरून पाहत. चकाकणारे कण दिसले तर कोणता भाग झिजतो आहे, काळी चिकट साय दिसली तर तेल किती उशिरा बदलले, चुण्या एकमेकींना चिकटल्या असतील तर कागद कसला होता... त्यांना ते दिसे. मला काळा कागद दिसे.

यावरूनच इमारतीत त्यांची ख्याती झाली. रविवारी सकाळी खालच्या वाहनतळात कोणीतरी त्यांना गाठायचेच. "सेतु सार, एकच सांगा, कुठल्या ब्रँडचा फिल्टर घेऊ?" सेतुराव ब्रँड सांगत नसत. माणूस चिडे. मग ते त्याला वर घरी नेत आणि वहिनींचा पितळी काफी फिल्टर दाखवत. वरच्या भांड्याला भोके मोठी असतील तर पूड खाली उतरते आणि काफी जिभेला खरखरीत लागते. भोके बुजली असतील तर सकाळ होऊन गेली तरी खाली थेंब नाही. चांगला फिल्टर तो, जो अडवायचे ते अडवतो आणि सोडायचे ते वेळेवर सोडतो. "इंजिनाला जीभ नाही," ते म्हणत, "म्हणून तुमी बघायाचं." मग बाजारातून आणलेले दोन-तीन नवे फिल्टर कापून ते चुण्या मोजायला लावत, टोकांना डिंक सगळीकडे सारखा लागला आहे का ते दाखवत, आतली रबरी झडप बोटाने दुमडून पाहायला सांगत, चांगली असेल तर ती मऊसूत परत उलगडे, हलकी असेल तर वाकून तशीच राही. रात्रभर गाडी उभी राहिली तर तेल खाली उतरू न देणे हे त्या झडपेचे काम. तोंडावरची रबरी कडी नखाने दाबून पाहायची. तिथून गळले तर बाकी सगळे व्यर्थ. एवढे झाल्यावर तो माणूस म्हणे, कळले सार, पण ब्रँड? सेतुराव म्हणत, "दोन-तीन चांगले आहेत. पण आज चांगला म्हणून उद्या तसाच असंल म्हणून मी कसं सांगूं? घ्या, कापा, बघा, मग पुढचा त्याच दुकानांतून घ्या." बहुतेक लोक न कापताच घेत असत. तरी इमारतीतली निम्मी माणसे गॅरेजमध्ये जुना फिल्टर मागू लागली, हे मात्र खरे.

नकली माल अस्सल खोक्यात घालून विकला जातो, आणि ती रिकामी अस्सल खोकी रद्दीवाल्यांकडून येतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून फिल्टरचे खोके त्यांच्या घरातून कधी बाहेर गेले नाही. नवरात्रात वहिनींच्या घरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. वर्षभर त्या छोट्या बाहुल्या फिल्टरच्या खोक्यांत निजत. प्रत्येक खोक्यावर सेतुरावांच्या अक्षरात पेन्सिलीने आतल्या बाहुलीचे नाव: चेट्टियार, चेट्टियाराची बायको, वीणा, मोर. खोके बाहुलीच्या मापाचे आहे म्हणून ते ठेवत, की बाहुली खोक्याच्या मापाची बघून आणत, यावर नवरा-बायकोचे एकमत नव्हते.

मी पत्रे लिहितो. पाण्याच्या टँकरविषयी, पदपथाविषयी, लिफ्टच्या परवान्याविषयी. सेतुरावांना त्याची गंमत वाटे. संध्याकाळी चालायला निघालो की ते विचारीत, "वकीलसाहेब, तुमच्या पत्राला उत्तर आलं?" मी म्हणे, नाही. "माझ्या फिल्टरला आलं बघा. आज सकाळीं कापलों, लगेच बोलला." मी म्हणे, तुमचा फिल्टर न्यायालयात उभा राहणार नाही. ते म्हणत, "तुमचं पत्रही अजून उभं नाही राहिलं ओ. टपालांतच निजलंय."

यावर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावले होते, काही आठवडे वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, धुळीत जायचे नाही. काळा चष्मा लावून ते बाल्कनीत बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनाचे आवाज ऐकून नावे ठेवत. महालयाला तंजावरला जाऊन वडिलांचे तर्पण करायचे, हा त्यांचा न चुकणारा नेम. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, गॅरेजची धूळ मात्र नको म्हणाले. तेवढ्यासाठी, आयुष्यात प्रथमच, त्यांनी गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. घरून नेऊ, घरी आणून देऊ, अशी त्या सर्व्हिस सेंटरची योजना होती. चालकाला त्यांनी जिन्यापर्यंत जाऊन, तंबी म्हणजे धाकटा भाऊ म्हणत, बजावले, "जुना फिल्टर डिकींत ठेवा म्हणून सांगा, तंबी. विसरूं नको."

शनिवारी मी त्यांच्याकडेच होतो. डिकी उघडली, रिकामी. त्यांनी फोन लावला आणि मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. सल्लागार गोड बोलत होता. "सार, जुने पार्ट देत नाही सार. पर्यावरणाचा नियम आहे."

"तंबी, नियम असंल. मी परत आणून देतों. एकदां बघूं दे."

"सार, सगळे जेन्युइन आहे सार. खोके पाहिजे तर पाठवतो."

"खोकं नको. आंतला पाहिजे."

पलीकडे कोणाला तरी सांगितल्याचा आवाज आला, आणि हसल्याचा. सेतुरावांनी फोन ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांना रागावता येत नसे, ते खाते माझ्याकडे होते. "लिवा एक पत्र," ते म्हणाले. "पहिल्यांदा मी सांगतों लिवा म्हणून." सोमवारी मी ते हातोहात देऊन पोचपावती घेतली.

बुधवारचे वहिनींनी सांगितले तसे लिहितो. सकाळची इडली खाऊन निघाले. टोलनाका गेला, सेतुराव वडिलांच्या गोष्टी सांगत होते, आणि समोर डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. त्यांनी बोलणे अर्ध्यावर सोडले, इंजिन त्याच क्षणी बंद केले, आणि गाडी आहे त्या वेगात डावीकडे घेत कडेला आणली. उतरले. मागे काळ्या तेलाची रेघ रस्त्यावर लांबवर उमटली होती. डॉक्टरांनी वाकू नका म्हटले होते. ते वाकले नाहीत, नुसते उभे राहून त्या रेघेकडे पाहत राहिले. मग डिकीतून इशाऱ्याचा लाल त्रिकोण काढून, उन्हातून मागे चालत जाऊन ठेवून आले. वहिनी उतरू लागल्या तर म्हणाले, "तुमी उन्हांत नको, आंत बसा." आणि स्वतः गाडीच्या सावलीत, मागच्या चाकाला टेकून बसले. त्यांना धाप लागली आहे असे वहिनींना वाटले.

इंजिन वाचले. वेळेवर बंद केले म्हणून वाचले. आजही ते पहिल्या किल्लीला सुरू होते.

मुलगी बंगळुरूहून आली. क्रियाकर्मात गाडीची व्यवस्था कोण पाहणार म्हणून तिने त्याच सर्व्हिस सेंटरला कळवले, त्यांनी ती गुरुवारी ओढून नेली, आणि काय झाले असे तिने विचारले तेव्हा तो अहवाल आला. तेल फिल्टरच्या कडीतून गेले, हे त्यांना मान्य आहे. पण फिल्टर आमच्याकडचा नव्हता, असे ते म्हणतात. कारण? ग्राहकाला फिल्टर उघडून पाहण्याची सवय होती. त्याने आमच्या कामावर शनिवारी शंका घेतली होती. म्हणून त्याने स्वतः बदलला असावा. एका माणसाची आयुष्यभराची सावधगिरी त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली, आणि माझे पत्र त्या अहवालाच्या शेपटाला जोडले.

मी गेलो. तपासणी अधिकारी सभ्य होते, खुर्ची दिली. मी विचारले, तो बाहेरचा फिल्टर मला दाखवा. ते म्हणाले, गाडी आणली तेव्हा तेल गळत होते, म्हणून कामगारांनी तो काढून नवा लावला आणि जुना टाकून दिला. मी विचारले, आपण तो पाहिलात केव्हा? ते म्हणाले, मी गुरुवारी दौऱ्यावर होतो. मी विचारले, मग हलका ब्रँड हे कशावरून? ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "अंकल, आम्ही कुटुंबाकडून काहीच मागत नाही आहोत. प्रकरण बंद आहे." मी म्हणालो, माणूस बंद झाला आहे. प्रकरण उघडे आहे.

मुलगी म्हणते, "अंकल, विट्टुडुंग." सोडून द्या. अप्पा परत येणार आहेत का? तिचे चूक नाही. मीही सोडले असते. पण गेल्या रविवारी वहिनींनी मला काफी दिली, पदराने हात पुसले, आणि दाराकडे पाहत विचारले, "भाऊजी... मंगळवारीं संध्याकाळीं हे डिकींत पिशवी ठेवतों म्हणून खालीं गेले. बराच वेळ आले नाहींत. ह्यांनी तसं केले असतील का?"

हे मला सहन होत नाही. ज्या बाईने त्या माणसाबरोबर संसार केला, ज्याने आपल्या शेवटच्या तासात तिला उन्हात उतरू दिले नाही, त्याने तिला हलक्या हाताने धोक्यात घातले काय, हा प्रश्न तिच्या घरात कोणी आणून ठेवला? तो फिल्टरच्या कडीतून गळला नाही. तो सहीनिशी, शिक्क्यानिशी, पाकिटातून आला. तंजावरचे नातेवाईकही आता म्हणतात, सेतु उगाच हात घालायचा. बाहुल्या यावर्षी बाहेर काढायच्या नाहीत, घर सुतकाचे आहे. त्या खोक्यांतच आहेत, पेन्सिलीच्या अक्षरांखाली. मी वहिनींना म्हणालो, शक्य नाही, ते वाकू शकत नव्हते, ते असे करणारे नव्हते. त्यांनी मान हलवली. पण माझी खात्री हा पुरावा नव्हे, हे त्यांना कळते. त्या सेतुरावांच्या पत्नी आहेत.

मला कायद्याच्या मर्यादा माहीत आहेत. रस्त्यावर गळलेले तेल आणि एका वृद्ध हृदयाचे थांबणे यांचा संबंध कोणतेही न्यायालय जोडणार नाही, आणि मी तो जोडा असे म्हणत नाही. नुकसानभरपाई मागितलेली नाही. अहवालात एक विधान आहे. ते ज्या वस्तूविषयी आहे ती वस्तू विधान करण्याआधी विधान करणाऱ्यांच्याच ताब्यात नाहीशी झाली. एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हेही लिहून देतो: ती वस्तू सापडली, कापली, आणि ती खरोखर बाहेरची निघाली, तर मी याच जागी, माझ्या नावानिशी, माझ्या मित्राची चूक मान्य करीन. सेतुरावांनी दुसरे काही चालवून घेतले नसते. करवत मात्र वापरायची नाही.

काल संध्याकाळी गच्चीवर गेलो होतो. वहिनींनी कपडे वाळत घातले होते. तारेच्या टोकाला दोन लाकडी चिमटे आहेत, तेलाने काळे पडलेले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. बाकी तार गच्च भरली होती, एका चिमट्यात दोन-दोन कपडे लटकत होते. त्या हातभर जागेत काही नव्हते. वहिनी तिथेच होत्या. त्या बादली उचलून खाली गेल्या.

त्या जागेवर काय लावायचे, हे ज्यांच्याकडे आहे त्यांना मी जाहीरपणे विचारतो. शुक्रवारी आपण सेतुमाधवरावांच्या गाडीतून काढलेला फिल्टर कुठे आहे? त्या जागी बसवलेला कुठे आहे? तो न पाहता त्याच्याविषयी लिहिणारे आपण कोण? उत्तर मला खाजगीत नको. पत्राने नको, फोनवर नको, खुर्ची देऊन नको. याच पुरवणीत, आपल्या नावासह, सुंदरावहिनींना वाचता येईल असे द्या. आणि उत्तर नसेल, तर ते विधान मागे घ्या आणि जुना फिल्टर परत द्या.